ली युआन हुंगचा बाप

१७ ऑक्टोबर १९११, मंगळवार. जव्हार.

कारभारीसाहेबांनी आज आत बोलावलं. मी पडलो कारकून, वाटलं परवा लिहिलेल्या पत्रात काहीतरी चूक सापडली असणार. पण तसं नव्हतं. चीन देशात बंड झालंय. तिथल्या बादशहाची गादी डळमळली आहे, आणि गादी म्हटलं की आपल्या एवढ्याशा संस्थानातसुद्धा लोकांचे कान टवकारतात. साहेब म्हणाले, "गुप्ते, तुमचं इंग्रजी चांगलं आहे म्हणतात. पेपरात येईल त्याचं मराठीत सार काढा आणि दर रविवारी कचेरीच्या ओसरीवर वाचून दाखवा." यातलं 'म्हणतात' त्यांनी उगाच घातलं. ठाण्याच्या हायस्कुलात इंग्रजीत माझा दुसरा नंबर होता.

मुंबईचा पेपर इथे खोडाळ्यावरून हलकाऱ्याच्या पिशवीतून येतो, तीन-चार दिवस शिळा. मिशनचं एक साप्ताहिकही येतं. दोन्ही घेऊन बसलो आणि पहिल्या पानाला घाम फुटला. ही चिनी माणसांची नावं की भांड्यांचे आवाज, हेच कळेना. मग नावांची एक वही केली. काम कसलंही असो, मी ते पद्धतशीर करतो. मार्चमध्ये खानेसुमारी, म्हणजे माणसांची शिरगणती झाली तेव्हा अकरा पाडे दोन दिवसांत मी एकट्याने लिहिले, एक रकाना मोकळा सोडला नाही. ठाण्याच्या कलेक्टरसाहेबाने माझ्या याद्यांवर 'उत्तम' असा शेरा मारला होता.

२९ ऑक्टोबर, रविवार.

दिवाळीमुळे एक वाचन चुकलं. आजचं मात्र रंगलं, आणि ते माझ्यामुळे रंगलं असं लिहायला हरकत नाही.

झालं असं. वुचांग नावाच्या गावी बंडवाल्यांचा जो सेनापती झालाय त्याचं नाव ली युआन हुंग. इकडे बादशहाने बंड मोडायला जुना मुत्सद्दी बोलावलाय, त्याचं नाव युआन शिह काई. चार दिवस ही दोन नावं माझ्या डोक्यात घोळत होती. काल भाकरीचा घास तोंडात असताना एकदम उजेड पडला. आपण नाव लिहितो ते कसं? आधी आपलं, मग बापाचं, शेवटी आडनाव. तिन्हींतलं मधलं नाव बापाचं. म्हणजे ली हा युआनचा मुलगा. बाप गादीच्या बाजूने, लेक बंडवाल्यांच्या बाजूने. इंग्रजांना मधल्या नावाची सवय नाही, त्यामुळे एकाही पेपरवाल्याच्या हे ध्यानात आलेलं नाही. आडनावं जुळत नव्हती, बाप काई आणि लेक हुंग. पण तिकडे तशी रीत असेल.

वाचून दाखवलं तेव्हा ओसरीवरचे सगळे माना वर करून ऐकू लागले. कारभारीसाहेबसुद्धा पान चघळायचे थांबले. एरवी दाराशी डुलक्या काढणारा आमचा पट्टेवाला तुका उठून पुढे आला. हा साठीकडे झुकलेला, इथून कोसभरावरच्या पाड्यातला. त्याने विचारलं, "भाऊसाहेब, पोर बापाशी भांडतो, तरी नाव बापाचाच लावतो?"

"लावतो ना. रोज पेपरात छापून येतं. ली युआन हुंग."

तुका "हां" म्हणाला आणि पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभाच राहिला. साहेबांनी दोनदा पाणी मागितलं तरी याचं लक्ष नाही. वय झालं आता त्याचं.

३० ऑक्टोबर.

गोदाला सगळं सांगितलं. आमची बायको ठाण्याची, तिला जव्हारात आणि माझ्यात विशेष असं काही दिसत नाही. ती म्हणाली, "बाप-लेक आहेत असं पेपरात लिहिलंय, की तुम्ही ठरवलंत?" मी म्हटलं, "ठरवलं नाही, ओळखलं." ती तांदूळ निवडत राहिली.

१२ नोव्हेंबर, रविवार.

हांकाव शहर बादशाही फौजेने जाळलं. बाप आता मुख्य प्रधान झालाय. लेकाच्या शहराला बापाच्या फौजेने आग लावली, हे मी दोनदा वाचून दाखवलं.

वाचन संपल्यावर सगळे गेले, तुका रेंगाळला. मला वाटलं रजा मागणार. त्याला कागद करून हवा होता. त्याचं एक भाताचं खाचर आहे, चांगलं, ओढ्याकाठचं. ते आपल्या मागे पुतण्याच्या, रघ्याच्या नावे लावायचं म्हणतो.

"तुला मुलगा नाही का रे?"

"हाय. ढवळू."

"मग?"

हा ढवळू मोखाड्याच्या वाटेवर, अगदी हद्दीवरच्या पाड्यात जिव्या म्हणून कुणी आहे त्याच्याकडे घरजावई गेलाय. ओढ्यापलीकडे पोशेरा, म्हणजे इंग्रजी मुलूख. लग्नाला द्यायला काही नसलं की पोरगा पाच-सात वर्षं सासऱ्याच्या घरी राबतो, ही इथली रीतच आहे. त्यात रागावण्यासारखं काही नाही, असं मी म्हटलं.

"राबाया गेला त्याचा राग नाय," तुका म्हणाला. "मागल्या शिमग्याला त्याला भेटाया गेलो. पाड्यात पाटील यादी वाचीत होता. समदी बसलेली. मी मागं उभा. पाटलानं वाचला, ढवळू जिव्या. माझ्या कानानं आयकला. पोरानं बापच बदलला, भाऊसाहेब. मी तसाच मागं फिरलो. पानीबी नाय घेतला."

"आणि ढवळू काय म्हणाला?"

"त्याला ठावंच नाय मी आलो व्हतो म्हून."

कसली यादी होती कुणास ठाऊक. या लोकांना सगळे कागद सारखेच. वारसाचे कागद महाशिवरात्रीनंतरच्या कचेरीत मंजूर होतात, तेव्हा बघू असं सांगितलं. पण म्हातारा हट्टाला पेटलाय. म्हणतो, "त्या चिनी पोरानं बापावर तलवार काढली, तरी नाव नाय टाकला. माझ्या पोराकडं मी दुसरा काय मागला व्हता?" मी दौतीचं झाकण लावलं.

१० डिसेंबर, रविवार.

तह होणार. लढाई थांबवली आहे, दोन्हीकडची माणसं शांघायला बोलणी करायला बसणार. ओसरीवर लोकांना सणासारखा आनंद झाला. तुकाचे डोळे ओले होते.

त्याने विचारलं, "आधी कोनी बोलावणा धाडला? बापानं का पोरानं?"

पेपरात याबद्दल अक्षरही नव्हतं. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि लेकाने धाकटेपणा घेतला असं म्हटलं तर ऐकायला बरं वाटतं. मी म्हटलं, "मुलाने."

तुकाने मान डोलावली. "असाच पायजे. आधी पोरानंच यावा."

२४ डिसेंबर.

थंडी कडक आहे. तुका हल्ली दुपारी कचेरीच्या उगवतीकडच्या पायरीवर बसतो. तिथून मोखाड्याची वाट लांबपर्यंत दिसते. ऊन पाठीला लागावं म्हणून बसत असेल. पण पायरी दुपारी सावलीत असते, हे आता लिहिताना लक्षात आलं.

७ जानेवारी १९१२, रविवार.

चीनमध्ये बादशहाला न जुमानता नानकिंगला लोकांचं राज्य जाहीर झालं. त्याचा अध्यक्ष डॉक्टर सुन यात सेन. कारभारीसाहेब दचकले. "सेन? बंगाली तर नव्हे हो?" कलकत्त्याकडची बॉम्बवाल्यांची धामधूम अजून निवलेली नाही. ठाण्याच्या साहेबाच्या कानावर जव्हारात कुणा सेनचा जयजयकार झाला असं गेलं तर पंचाईत. मी म्हटलं, चिनीच असावा. साहेब म्हणाले, "असावा काय? ठरवा. तोवर हे नाव हळू आवाजात वाचा." मिशनच्या साप्ताहिकात कुणी सुन वेन येतो, तो याचा भाऊ दिसतो. दोघांना वहीत शेजारी जागा दिली.

तुकाला सेनशी कर्तव्य नाही. "युआनचा पोर काय म्हनतो?" मी सांगितलं, तो उपाध्यक्ष झाला. "बापाला ठावं हाय का?" म्हटलं, असेल.

१४ जानेवारी, रविवार.

आजचं लिहूच नये असं वाटतं. पण जे झालं ते लिहायलाच हवं.

डहाणूचे एदलजी शेठ जंगलाच्या ठेक्यासाठी आले होते. कारभारीसाहेब संक्रांतीमुळे वाचनाला नव्हते, ही देवाची कृपा. शेठ खुर्चीवर बसून ऐकत होते. मी "बाप युआन आणि पुत्र ली" इथपर्यंत आलो आणि त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ठसका लागला. हसू दाबत होते. लोक पांगल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे गुप्ते, हा बाप-बेटा तू कुठून काढला?"

त्यांचे काका तीस वर्षं हाँगकाँगला पेढीवर होते, आणि शेठ स्वतः दहा. त्यांनी माझी वही मागितली आणि पानामागून पान मला नागवं केलं. चिनी माणसाचं आडनाव पहिलं. नाव मागून, बहुधा दोन अक्षरांचं. बापाचं नाव त्यात कुठेच नसतं. युआन हे त्या मुत्सद्द्याचं आडनाव, शिह-काई हे नाव. सेनापतीचं आडनाव ली, आणि युआन-हुंग हे सगळं मिळून त्याचं एकट्याचं नाव. कुणी पेपरवाला मध्ये आडवी रेघ घालतो, कुणी घालत नाही, म्हणून एका नावाची मला दोन दिसली. चिनी लिपीत तर ते दोन युआन दोन वेगळ्या चित्रांसारखे काढतात म्हणे. इंग्रजीत आले की सारखे दिसतात.

"आणि सेन?"

"सेन कोणी नाय. सुन आडनाव. यात-सेन नाव, ते पण कॅन्टनवाल्याच्या तोंडचं. पेकिंगवाला तेच नाव वाचेल तर दुसरं काहीतरी बोलेल. इंग्रजाला पहिला भेटला कॅन्टनवाला, त्याच्या तोंडून ऐकलं, लिहिलं, झालं कायम. आपल्या ठाण्याचं यांनी टॅना केलं, तसं. सही तर तो सुन वेन करते."

म्हणजे भाऊही गेला. पाच वर्षांच्या बादशहाचं मी लिहिलेलं सुआन तुंग हे नाव नव्हेच. ते त्याच्या कारकिर्दीच्या सालांचं नाव. बादशहाचं खरं नाव प्रजेने उच्चारायचं नसतं. शेठनी वही मिटली आणि पाठीवर थाप मारली. माणूस चांगला आहे, कुणाला सांगणार नाही म्हणाला. पण जाताना पुन्हा हसला.

१५ जानेवारी.

गोदाला सांगावं लागलं, कारण मी जेवलो नाही. हसेल असं वाटलं होतं, हसली नाही. बादशहाच्या नावाचं ऐकून म्हणाली, "त्यात काय नवल? मी तुमचं घेते का? मान असतो म्हणूनच घेत नाही ना." मग थांबून म्हणाली, "त्या तुकाला सांगितलंत का?"

"त्याला काय करायचंय चीनचं?"

"तुम्हीच म्हणता ना, रोज विचारतो."

२८ जानेवारी, रविवार.

आज सारात फक्त हवापाणी आणि आगगाडीच्या बातम्या वाचल्या. युआनवर पेकिंगात बॉम्ब पडला, तो वाचला, हे मुद्दाम गाळलं. तुकाने विचारलंच, "बाप-लेक भेटले का?" म्हटलं, अजून काही आलेलं नाही. हे खोटं नाही. पण खरंही नाही, आणि मला ते ठाऊक आहे. कारभारीसाहेबांना कळलं तर नोकरी जाईल. इंग्रजी कारकून दुसरा मिळतो.

४ फेब्रुवारी.

रघ्या कागदासाठी येऊन गेला. पंचविशीचा, दांडगा, साधा पोरगा. खाचराची त्याला हाव दिसत नाही. "काका बोलला म्हून आलो." मी मसुदा केला, कारण तेच माझं काम. 'मला पुत्र आहे, परंतु तो परक्या घरचा झाला असल्यामुळे.' अक्षर सुंदर आलं. तुकाचा अंगठा १८ तारखेला घ्यायचा. एकदा वर मंजुरी झाली की ढवळूचा हक्क संपला, मग कुणी काही करू शकणार नाही.

म्हातारा अजून पायरीवर बसतो. आता मला कळतं तो तिथे का बसतो. आधी पोरानेच यावं, हे मीच त्याच्या डोक्यात भरवलं.

११ फेब्रुवारी, रविवार.

सांगितलं. वाचन झाल्यावर त्याला थांबवलं आणि एका दमात सांगून टाकलं. ली हा युआनचा मुलगा नाही. कुणी कुणाचं नाही. त्यांची नावं आपल्यासारखी नसतात. तह कुणी आधी मागितला, हेही मला माहीत नव्हतं.

तो रागावेल असं वाटलं होतं. तो खाली बसला. मग म्हणाला, "म्हंजे बाप नव्हं तो."

"नाही."

"मग बाप म्हून लिवला कोनी?"

"मी. नाव मधे होतं, म्हणून मला वाटलं."

"त्या पोराला इचारला नाय?"

"अरे, तो चीनमध्ये. त्याला कोण विचारणार? कागदावरून लिहिलं."

तुकाने वर बघितलं. इतका सरळ तो माझ्याकडे कधी बघत नाही. "भाऊसाहेब, मग माझ्या पोराला तरी कोनी इचारला व्हता का? का त्याचाबी कागदावरनंच लिवला?"

मी म्हटलं, बघतो. दुसरं काय म्हणणार? पण तो गेल्यावर मी तारखा मोजल्या. मागचा शिमगा मार्चच्या मध्यावर होता. खानेसुमारी दहा मार्चला, आणि तिच्या याद्या वर जाण्याआधी पाटलांनी पाड्यापाड्यात वाचून दाखवल्या होत्या.

१२ फेब्रुवारी.

सकाळी कचेरी उघडल्याबरोबर दप्तरखान्यात गेलो. पक्क्या याद्या केव्हाच वर गेल्या, पण कच्चे कागद इथे गठ्ठ्यात आहेत. फार शोधावं लागलं नाही. हद्दीवरचा पाडा, घर नववं, जिव्याचं, माणसं सहा. पाचवी ओळ, ढवळू जिव्या. खाली माझी सही. इतकं वळणदार अक्षर जव्हारात दुसऱ्या कुणाचं नाही.

आता सगळं आठवतं. त्या दिवसातला सातवा पाडा होता, तहान लागली होती. घरात पुरुष कुणीच नव्हते, ओट्यावर एक तरणी बाई नाचणी पाखडत होती. मी म्हटलं, नावं सांग. तिने बापाचं, आईचं, भावंडांचं सांगितलं. नवऱ्याचं नाव शेजारणीने सांगितलं, ढवळू. मी विचारलं, त्याच्या बापाचं नाव काय? बाई मान खाली घालून गप्प. शेजारीण तेवढ्यात उठून गेली होती. पुन्हा विचारलं, पुन्हा गप्प. दर पाड्यात पाच ढवळू असतात, बापाच्या नावाशिवाय ओळ लिहिता येत नाही, आणि रकाना मोकळा सोडायचा नाही ही माझी शिस्त. घर जिव्याचं होतं, मी जिव्या लिहून टाकलं. मला वाटलं, बाईला माहीत नसेल.

माहीत नसेल. सासऱ्याचं नाव सून घेत नाही, हे मला माहीत नव्हतं होय? माझी स्वतःची आई मरेपर्यंत माझ्या आजोबांना 'मामंजी' म्हणत होती. ती पोर तुकाचा मान राखून गप्प बसली, आणि त्याच गप्प बसण्यातून मी तुकाला पुसून टाकलं. वर 'उत्तम' असा शेरा मिळवला.

१३ फेब्रुवारी.

रजा टाकली आणि पहाटेच चालत निघालो. ढवळू घरीच भेटला. खांद्यावर कुऱ्हाड होती, कारकून बघून त्याने ती पाठीमागे घेतली. मी म्हटलं, तुझ्या बापाकडून आलोय. तर तो म्हणाला, "बा बरा हाय ना?" आणि त्याचा चेहरा असा उतरला की याने बाप बदललेला नाही, याची तिथेच माझी खात्री पटली.

त्याला कसलाच पत्ता नव्हता. यादी लिहिली तेव्हा तो कोळशाच्या भट्टीवर होता, वाचली तेव्हा मोखाड्याच्या बाजाराला. बाप वर्षभर फिरकला नाही, म्हणून तोही मनात धरून बसला होता. "मना वाटला, घरजावई रायलो म्हून बा रुसला. मी कंच्या तोंडानं जाऊ?" मी घडलेलं सगळं सांगितलं, माझ्या नावानिशी. म्हातारा जिव्या खो खो हसायला लागला. "मी कशाला कोनाचा पोर चोरू? माझीच मना झेपत नाय."

ढवळूची बायको नवशी दाराआड होती. छातीशी दोन महिन्यांचं मूल. ती आतूनच म्हणाली, "मी घ्यायला पायजे व्हता का नाव?" तिच्या आवाजात रडू होतं. मी म्हटलं, नाही बाई, तू बरोबर केलंस. मी थांबायला हवं होतं. कुणापुढे असं बोलायची मला सवय नाही, पण बोललो.

१४ फेब्रुवारी.

आज कारभारीसाहेबांपुढे उभा राहिलो. चीनचंही सांगितलं, खानेसुमारीचंही. त्यांनी पानाचा डबा उघडला, सावकाश पान लावलं. "म्हणजे गुप्ते, तुम्ही एका चिन्याला बाप दिलात आणि एका जव्हारकराचा काढून घेतलात."

"होय साहेब."

"दोन्ही वेळा न विचारता."

"होय साहेब."

"बंगाली नाही ना पण तो?"

"नाही साहेब. सुन आडनाव."

"मग झालं तर." येत्या रविवारी मागच्या सारात चूक झाली असं सर्वांसमोर वाचायचं, आणि ढवळूची नोंद दुरुस्त करून त्यांच्या सहीला ठेवायची, एवढीच शिक्षा. बाहेर आलो आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. नोकरी आहे. 

तुकाला पाड्यावरची हकिगत सांगितली. नवशी गप्प का बसली, इथे तो मला थांबवून म्हणाला, "पुन्यांदा सांगा." पुन्हा सांगितलं. "माझा नाव नाय घेतला तिनं?" तो म्हणाला. "शानी पोर हाय. शानी हाय." मग पाठ फिरवून उगाच झाडू मारायला लागला, झाडलेल्या जागेवरच.

१८ फेब्रुवारी, रविवार.

चूक वाचून दाखवली. लोक नाराज झाले, त्यांना बाप-लेकच हवे होते. एक जण म्हणाला, पेपरवाल्यांनाच काही माहीत नसेल. त्यानंतर खरी बातमी वाचली, बादशहाने गादी सोडली. तीसुद्धा कुणाला तेवढी गोड लागली नाही.

रघ्या अंगठ्यासाठी आला होता. मसुदा मी त्याच्यासमोर फाडला. म्हणाला, "बरा जाला. मना ढवळूभाऊचा तोंड कसा बघवला असता?" आणि काकाशी गप्पा मारत बसला.

३ मार्च, रविवार. शिमगा.

आज वाचन नव्हतं, तरी कचेरी उघडली. ढवळू, नवशी आणि मूल सकाळीच आले. तुका पायरीवर होता. त्यांना लांबून बघितलं तशी आधी टोपी नीट केली, मग उठला. ढवळू पाया पडला.  तुकाने मूल घेतलं आणि ते रडायला लागलं तरी परत देईना.

मग मी कागद घेऊन खाली ओसरीवरच बसलो. कारभारीसाहेबही येऊन उभे राहिले. सगळं माहीत असूनही पहिल्यापासून विचारलं. नाव? ढवळू. बापाचं? ढवळू म्हणाला, "तुका," आणि मोठ्याने म्हणाला. तेवढ्याने काम झालं होतं. पण मला त्या बाईलाही विचारायचं होतं, वर्षापूर्वी विचारून थांबलो नव्हतो म्हणून. मी म्हटलं, "नवशी, तुझ्या नवऱ्याच्या बापाचं नाव काय?"

तिने पदर पुढे ओढला. नाव घेतलं नाही. हात लांब करून म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं.

मी लिहिलं. ढवळू तुका. साहेबांनी सही केली. तुकाला वाचता येत नाही, तरी कागद त्याने हातात घेतला, सुलटा की उलटा हे मला विचारून घेतलं, आणि बराच वेळ बघितला. मग मुलाला होळीची लाकडं दाखवायला निघाला, आणि चार पावलांवरून मागे वळला.

"भाऊसाहेब, त्या लीचा बाप कोन मग?"

"माहीत नाही रे. पेपरात आलेलं नाही."

"असेल कोनीतरी. मिलला तर सांगा."

घरी येऊन नावांची वही काढली. लीच्या नावापुढे 'युआन शिह काई याचा पुत्र' असं लिहिलं होतं, त्यावर काट मारली. बापाचा रकाना मोकळा ठेवला आहे. गोदा पुरणपोळी वाढून केव्हाची हाका मारते आहे.